टेरेसवरची नेट आणि गळणारी फुलं

सुतार वहिनी, बी-३०४: टेरेसवरचे टोमॅटो कमरेपर्यंत गेलेत, पण खोड काडीसारखं. फुलं येतात आणि देठासकट गळतात. युरिया टाकू का?

चौगुले काका, ए-१०२: वहिनी, युरिया अजिबात नको, आणखी लांबतील. झाड उजेड शोधतंय. वर ७५ टक्के उजेड अडवणारी शेडनेट एप्रिलपासून तशीच आहे. स्वच्छ उन्हात दुपारी लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. आषाढातल्या ढगांत तो २० हजारांवर आला, तर नेटखाली उरतो ५ हजार. तेवढ्यावर टोमॅटो जगतो, फळ धरत नाही.

देसाई, बी-५०१: मोबाईलचं लक्स ॲप खरं सांगतं का ओ?

चौगुले काका: आकडा अंदाजाचाच. पण एकाच फोननं नेटबाहेर आणि नेटखाली लागोपाठ मोजा, किती उजेड अडतोय ते कळतं.

सुतार वहिनी: नेट काढली तर पावसानं रोपं झोपतील की.

माने, ए-४०३: वर पारदर्शक २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घाला, चांगला ढाळ देऊन, नाहीतर मध्ये पाण्याची पखाल होते. बाजू चारी उघड्या, कोंडलं की करपा आलाच. नेट ढगाळ दिवशी काढा. एकदम कडक ऊन लागलं तर सावलीतली पानं पांढरी पडतात.

चौगुले काका: आणि खोडाला वीतभर माती चढवा. टोमॅटोला खोडावर मुळं फुटतात. वर काठीचा आधार.

देसाई: मग उन्हाळ्यात नेट नकोच?

माने: हवी की. मेथी-कोथिंबिरीला ५० टक्के. टोमॅटो, ढोबळीला ३५ टक्के पुरे, तीही मुख्यतः पश्चिमेकडून, कारण दुपारच्या उन्हानं फळावर पांढरा चट्टा पडतो. उंची ७ फूट तरी ठेवा. डोक्याला लागेल अशी बांधली की खाली भट्टी.

सुतार वहिनी: कुंड्या टाकीच्या उत्तरेला सरकवू का? तिथं वारा कमी.

चौगुले काका: आत्ता चालेल, दिवाळीनंतर नाही. मे महिन्यात आपल्या कोल्हापुरात भर दुपारी सूर्य डोक्यावर, टाकीची सावली तिच्या पायाशीच. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो. ६ फुटी टाकीची सावली दुपारी १२ लाही ५ फूट उत्तरेला, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. टोमॅटोला ६ तास थेट ऊन पाहिजे. तिथं पालक, आळू लावा.

माने: रविवारी ९ ला नेट उतरवू. शिडी माझी. गुंडाळण्याआधी धुवा, शेवाळ धरलंय. पुढच्या खेपेला सुतळी नको, कुजते. नायलॉन दोरी आणा.