वडी नाही, पण वडी खाल्लेला उंदीर?
उंदरांसाठी ठेवलेली विषाची मेणाची वडी मांजर हुंगतही नाही, मग भीती कसली, असं काहीजण म्हणतात. अहो, वडी नाही खात, पण ती खाल्लेला उंदीर खातं ना! वडीतल्या ब्रोमॅडिओलोन या विषाने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठेनासं होऊन मरायला काही दिवस लागतात, तोवर तो गुंगल्यासारखा भरदिवसा पडवीत फिरतो आणि मांजराला, धामणीला, गव्हाणी घुबडाला आयता सापडतो. आपले उंदीर फुकटात मारणारेच यात जातात, याचं फार वाईट वाटतं.

आमच्या मालवणात शेजारच्या बोक्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, नाकातून रक्त. असं दिसलं की विषाचं पाकीट घेऊन लगेच पशुवैद्य गाठा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के१ चालतं, पण काही आठवडे द्यावं लागतं. झिंक फॉस्फाईड या दुसऱ्या उंदीरविषावर मात्र उताराच नाही.

माडावर चढणाऱ्या उंदरांसाठी विष कशाला? खोडाला माणसाच्या उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा मारा, उंदीर घसरतो. फक्त शेजारच्या झाडाच्या झावळ्या टेकत असतील तर आधी त्या तोडा, नाहीतर तो तिकडून येतो.