आबासाहेबांचा साधेपणा मान्य, पण पाण्याचा हिशोब कोण मांडणार?

टेलचा शेतकरी:
काल तालुक्याच्या ग्रुपवर परत तीच पोस्ट फिरली. गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबासाहेब, सांगोल्यातून ११ वेळा आमदार, एसटीनं प्रवास, शेवटपर्यंत एकच पक्ष, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), आताच्या आमदारांनी शिकावं. खाली नुसते हात जोडलेले. मला आबासाहेबांबद्दल आदर आहे, माझ्या वडिलांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाला मत दिलं नाही. पण ते एसटीनं गेले का गाडीनं, त्यानं माझ्या रानाला काय मिळालं? १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, २०१९ ला थांबले, मधली १९७२ आणि १९९५ ची हार सोडली तर पन्नास वर्षांच्या आसपास तालुक्याचा आमदार एकच. आमचं गाव नीरा उजव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. मी शाळेत असताना टँकर आला की घागर घेऊन पळायचो आणि माझी पोरगी पण तशीच पळाली. आमदार मोजायचा तर पाण्यावर मोजा, एवढंच म्हणणं आहे.

जुना लाल बावटा:
पन्नास वर्षं म्हणताय, त्यातली सत्तेतली किती ते पण सांगा की. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात मंत्री, दोन्ही मिळून पाच वर्षं भरत नाहीत. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर. निधी वाटणारे दुसरेच, त्यांच्या भागात साखर कारखाने, कालव्याचं पाणी वरच्या वर मुरलं. त्याचा जाब खाली बसलेल्या माणसाला विचारताय?

टेलचा शेतकरी:
विरोधी बाकावर बसायचं त्यांनीच ठरवलं होतं ना. पक्ष बदलला नाही याचं कौतुक तुम्ही करा, पण त्याची किंमत कुणी मोजली? माझ्या आईनं मोजली, दोन-दोन कोस डोक्यावर पाणी आणून.

सूतगिरणीतली लेक:
माझी आई सूतगिरणीत कामाला होती. आमच्याकडं रान फक्त दीड एकर, ते पण माळाचं. गिरणी नसती तर आम्ही सगळे ऊसतोडीला गेलो असतो आणि माझी बारावी झाली नसती. तुम्ही पाण्यावर मोजा, मी माझ्या शाळेवर मोजते. पेनूरचा, म्हणजे मोहोळ तालुक्यातला, वकिली शिकलेला माणूस आमच्या तालुक्यात येऊन राहिला आणि गिरणी उभी केली, हे काहीच नाही का?

माणगंगेकाठचा:
ताई, गिरणीत किती जणांना काम मिळणार? तालुका उभा राहिला तो डाळिंबावर. आधी गणेश, मग भगवा या जाती लावल्या, ठिबक टाकलं, शेततळी काढली, कर्ज काढून काढली. कुठल्याही आमदारानं नाही, शेतकऱ्यानं केलं हे. आणि आज त्याच बागांची काय अवस्था आहे बघा जरा. आधी तेल्या रोग, मग मर रोग, मग ती खोडाला बारीक भोकं पाडणारी किडी. माझी साडेतीन एकर बाग २०२१ ला जेसीबी लावून काढली, बारा वर्षांची झाडं. बायको त्या दिवशी रानात आली नाही. त्यावर कोण पोस्ट टाकतंय का?

टेलचा शेतकरी:
माझी पण दोन एकर गेली दादा. पण बाग किडीनं जायच्या आधी ती टँकरच्या पाण्यावर जगवली होती, तेच तर म्हणतोय मी.

कडेगावकर:
बाहेरचा आहे पण बोलतो. टेंभू उपसा योजनेचं, म्हणजे कृष्णेतनं उचललेलं पाणी आमच्याकडनंच पुढं येतं. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून दिलं १९७६ ला आणि ते मे २००० च्या आत अडवायचं होतं. सरकार जागं झालं १९९६ ला, तेव्हा कुठं कृष्णा खोरे महामंडळ निघालं. वीस वर्षं नुसती गेली. हा दोष एका आमदाराचा नाही. आणि पाणी आलं तरी तुम्ही डाळिंब सोडून ऊस लावणार आहात हे लिहून देतो, आमच्याकडं तेच झालं.

माणगंगेकाठचा:
उसाचं आम्हाला शिकवू नका. तुम्ही तीस वर्षं लावला तेव्हा चाललं, आम्ही लावला की पाप? बाग मेलेला माणूस काय लावणार? उसाला तेल्या येत नाही आणि कारखाना ठरलेला दर देतो.

कडेगावकर:
दर मिळतो पण तो उचलून आणलेल्या पाण्यावर परवडत नाही हो. वीजबिलात ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलंय म्हणून योजना चालू आहे. सगळा तालुका उसात गेला तर टेलला काय पोचणार?

टेलचा शेतकरी:
टेलला आत्ता पण पोचत नाही. मागच्या उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं म्हणून चारी साफ करून बसलो, चार दिवस वाट बघितली, वर फाट्यालाच मोटारी टाकून ओढलं. चारीत ओल सुद्धा आली नाही.

जुना लाल बावटा:
ऊस आणि डाळिंबाच्या भांडणात मूळ गोष्ट राहूनच गेली. १९९३ ला आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद झाली, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आपले आबासाहेब. मी होतो तिथं. भाकरी बांधून गेलो होतो. तेव्हा टेंभू म्हटलं की लोक हसायचे, एवढ्या उंचीवर पाणी चढतं का म्हणून. तिथनं दरवर्षी परिषद झाली. विरोधी बाकावरचा आमदार यापेक्षा जास्त काय करतो ते सांगा आणि मग बोला. आणि ज्या शहाजीबापू पाटलांनी १९९५ ला आबासाहेबांना पाडलं, १९२ मतांनी, त्यांनी त्या पाच वर्षांत काय आणलं ते पण मोजा की त्याच मापानं!

टेलचा शेतकरी:
आवाज चढवू नका काका. परिषदेचं मला ठाऊक आहे, ती नसती तर योजना कागदावर सुद्धा आली नसती, हे मी मानतो. पण १९९३ ला परिषद म्हणजे निवडून आल्यावर एकतीस वर्षांनी. त्याआधीचं काय?

सूतगिरणीतली लेक:
त्याआधी १९७२ चा दुष्काळ होता आणि लोक खडी फोडत होते. माझी आजी पण.
मला एका गोष्टीचं खरंच वाईट वाटतं. एवढी वर्षं सांगोला म्हटलं की बाहेर आबासाहेबांचं नाव निघायचं, आणि २०२२ पासून शहाजीबापूंचा गुवाहाटीचा तो झाडी-डोंगाराचा फोन. आम्ही नोकरीच्या गावी सांगतो तर लोक तेच बोलतात.

माणगंगेकाठचा:
फोनवर मतं ठरली असती तर २०२४ ला बापू पडले नसते, आबासाहेबांचे नातू बाबासाहेब पंचवीस हजारांच्या वर निवडून आले. २०१९ ला मात्र दुसरे नातू अनिकेत ७६८ नं पडले. म्हणजे लोक नुसत्या नावावर मत देत नाहीत. मी २०१९ ला बापूंना दिलं होतं, २०२४ ला नाही दिलं.

जुना लाल बावटा:
दिलं नाही ते बरं केलं.

टेलचा शेतकरी:
नातवाला मी पण दिलं, वडिलांच्या फोटोपुढं उभं राहून सांगितलं आणि दिलं. पण त्यांचं माप चारीवर करणार. आवर्तन सुटलं की टेलला किती दिवसांनी पाणी आलं ते मी वहीत लिहून ठेवतोय. काका, तुमचं गाव फाट्यावर आहे, तुम्ही पण लिहा. वरनं कधी सुटलं ती तारीख तुमची आणि खाली कधी आलं ती माझी.

जुना लाल बावटा:
लिहितो. पण त्या वहीत वर मोटारी कुणी टाकल्या ते पण लिहायचं, आपल्या पक्षाचा असला तरी.