आमच्या माळावर विलायती फेझंट सोडून शिकारीचं रान करता येईल का?

माळकरी_वडाळा
राम राम मंडळी. उत्तर सोलापूर तालुक्यात आमची चौदा एकर हलकी जमीन आहे. सगळा मुरूम. मालदांडी आणि तूर सोडली तर काही साधत नाही. माझा मावसभाऊ इंग्लंडला शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी एका शेतावर हाका घालायला जातो. तो म्हणतो, तिथले शेतकरी रानात फेझंट, म्हणजे कोंबडीएवढे लांब शेपटीचे पक्षी, सोडतात, लोक पैसे मोजून बंदुका घेऊन येतात, हलक्या जमिनीचंही उत्पन्न निघतं. फेझंट नाही तर आपले तित्तर, लावे वाढवू, असं त्याचं म्हणणं. हे चालतं कसं, आणि आपल्याकडे जमेल का? आणखी एक. पहाटे आमच्या बांधावर तित्तरांचा गलका असायचा, तो आता ऐकू येत नाही. त्याचं काही करता आलं तर मला शिकारीपेक्षा तेच हवंय.

कोर्टाच्या_बाजूला
दादा, शिकारीचा विषय इथेच सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि परवाना काढून शिकार करायची वाटही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासा लावणं, आमिष टाकणं, हाका घालून जनावर हुसकणं, अंडी-घरटं मोडणं, सगळं त्यात येतं. जमीन स्वतःची असली तरी सुटका नाही. शिवाय तुमच्या शेजारी नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे.

अण्णा_मोहोळ
वकीलसाहेबांनी सांगितलं ते पक्कं धरा. चालतं कसं ते मी सांगतो, कारण वेल्सच्या सीमेलगत अशाच एका शेतावर मी गेमकीपरच्या, म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली राबलोय.

जुलै-ऑगस्टात सहा-सात आठवड्यांची पिल्लं झाडीतल्या जाळीच्या वाड्यात सोडतात. वाडा वरून उघडा. पिल्लं उडून बाहेर जातात आणि परत चालत येतात, म्हणून जाळीला खाली नरसाळ्यासारखी तोंडं ठेवलेली असतात. त्यातून पक्षी आत शिरतो, कोल्हा शिरत नाही. शेताच्या कडेला मका, केल (कोबीसारखी पालेभाजी) अशा पिकांचे पट्टे न कापता उभे ठेवतात. पिंपातून गहू घालायचा, ते माझं काम.

हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. बहुतेक आठ बंदूकवाले असतात. सकाळी चिठ्ठ्या काढून कोण कोणत्या खुंटीवर, म्हणजे नंबराच्या जागेवर, उभा राहणार ते ठरतं, दर हाक्याला दोन नंबर पुढे सरकायचं. खुंट्या दरीत, पक्षी वरच्या पट्ट्यात. आम्ही एका ओळीत काठ्या ठोकत सावकाश चालायचो. फेझंट मुळात पायी पळणारा पक्षी. घाई केली की सगळा थवा एकदम उठतो आणि हाका वाया जातो. पट्ट्याच्या टोकाला दोरीला प्लास्टिकच्या चिंध्या बांधून एक जण ती हलवत बसतो, मग पक्ष्याला उडावंच लागतं. हाकेकरी जवळ आले की शिंग वाजतं, त्यानंतर पुढे बार टाकायचा नाही. पक्ष्यामागे आकाश दिसत नसेल तरी टाकायचा नाही. शेवटी लॅब्राडॉर पडलेले, जखमी पक्षी हुडकून आणतात.

दरवर्षी काही कोटी पक्षी पाळून सोडायचे ते मारण्यासाठीच, हे मला कधी पटलं नाही. पण कडेचे ते पट्टे मनात बसले. इंग्लंडचा स्वतःचा राखी तित्तर गेल्या पन्नासेक वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. तणनाशकाने तण गेलं, तणावरचे किडे गेले, आणि पिल्लू पहिले दोन आठवडे जगतं ते किड्यांवर. म्हणून तिथे पिकाची बाहेरची सहा मीटर कड फवारणीतून वगळायची पद्धत काढली.

तुमच्या बांधावरचंही दुखणं मला हेच वाटतं. तित्तराची मादी तरवडाच्या बुडाशी पंजाने माती उकरते, वाळवी उघडी पडली की पिल्लं तिच्या पायांमधून घुसून टिपतात. तरवडच तोडला, बांध पेटवला, वर तणनाशक मारलं, तर ती पिल्लांना नेणार कुठे?

माळकरी_वडाळा
अण्णा, बांध आम्ही दर उन्हाळ्यात पेटवतो. वडील म्हणतात, नाही पेटवला तर गवत पिकात येतं. आणि पहाटे फासे लावायला माणसं येतात, त्यांचं काय करायचं?

अण्णा_मोहोळ
सगळा बांध सोडा असं मी म्हणत नाही. ओढ्याकडची एकच कड घ्या. तिथे पेटवायचं नाही, फवारायचं नाही, कारण एप्रिलपासून पावसाळा सरेपर्यंत तित्तराची अंडी-पिल्लं तिथेच असतात. बाकीचा बांध वडिलांच्या मनाप्रमाणे कापा, पण विळ्याने. बाभळी, बोरी राहू द्या, ससाण्यापासून आडोसा मिळतो. ज्वारीच्या शेवटच्या चार ओळी काढू नका, कडब्यासकट उभ्या ठेवा. फासे दिसले तर स्वतः भांडायला जाऊ नका. फोटो काढा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन करा.

माळकरी_वडाळा
ओढ्याकडची कड वडिलांनी कबूल केली. ज्वारीच्या चार ओळी म्हटल्यावर गप्प झाले, दोनवर तयार होतील असं वाटतंय.

अण्णा_मोहोळ
दोन चालतील. फक्त त्या ओढ्याच्या बाजूच्याच ठेवा, रस्त्याच्या नकोत. रस्त्याकडे कुत्री फिरतात.