खिशातला चाकू: निवड, वापर आणि निगा (अनुभव धागा)

रोजच्या वापराचा घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की बोलणं पोलादाच्या नावांवर जातं. पात्याची जाडी, लॉक, खिसा, धार हे सगळं मागे पडतं. जे रोज चाकू वापरतात त्यांनी नेमकं लिहा: काय कापता, किती पातं पुरतं, काय बिघडतं आणि का. मापं द्या. ‘भारी आहे, घेऊन टाका’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

खोकी आणि पार्सलं

पातं 6 ते 7.5 सेंमी असावं. त्याहून लांब पातं खोक्याच्या आत पोचतं आणि माल चिरतं. पाठ, म्हणजे धारेसमोरची बोथट कड, 2 ते 2.5 मिमी जाड पुरे. पण पाठीपेक्षा धारेच्या लगेच वरची जाडी महत्त्वाची. धारेची चमकती पट्टी जिथे संपते तिथे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा. 0.3 ते 0.4 मिमी असेल तर पुठ्ठा लोण्यासारखा कापला जातो. 0.8 मिमी असेल तर कितीही धार लावा, पातं पाचरीसारखं अडकतं. जाडजूड ‘दणकट’ चाकू इथेच फसतात.

आकार सरळ धारेचा आणि टोकाशी पाठ खाली उतरलेला घ्या. टेप कापताना फक्त टोकाचे 5 मिमी आत जाऊ द्या आणि पातं आडवं धरून ओढा. पुठ्ठ्यात मातीचे आणि खनिजांचे कण असतात, त्यामुळे धार भाजी चिरण्यापेक्षा कितीतरी लवकर जाते. स्टेपल पिनांची जागा आधी डोळ्यांनी हेरा, नाहीतर धारेला खाच पडलीच. टेपचा चिकटा पात्यावर बसला तर फडक्यावर दोन थेंब खाद्यतेल घेऊन पुसा, मग साबणाने धुवा.

वजन

60 ते 90 ग्रॅम. 120 च्या वर गेला की पातळ कापडाचा खिसा लोंबतो आणि चाकू हळूहळू ड्रॉवरमध्ये मुक्कामाला जातो. व्हिक्टोरिनॉक्सचा 58 मिमीचा क्लासिक 21 ग्रॅमचा आहे. पाकिटं फोडणं, दोरे कापणं, फळाची साल काढणं एवढंच काम असेल तर तो पुरतो.

लॉकबद्दल

बिनलॉकचा चाकू फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडा राहतो. ओढून कापायला काहीच अडचण नाही. टोकाने भोसकून भोक पाडायला गेलात की पातं बोटांवर मिटतं, म्हणून त्या कामाला टोचाच वापरा.

लायनर लॉकमध्ये आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते. पातं उघडून ती कुठवर आली ते बघा. बुडाच्या रुंदीच्या पाव ते अर्ध्या भागावर असेल तर ठीक. जेमतेम कडेवर असेल तर घेऊ नका. दुसऱ्या टोकाला भिडली असेल तर लॉक झिजलंय. पट्टी बुडाला टेकते त्या पृष्ठभागावर तेल नको, घसरतं. पाठीकडे लॉक असलेल्या चाकूत दुखणं वेगळंच: खाचेत खिशातलं लिंट (कापडाचे बारीक तंतू) दाबून बसतं आणि लॉक पूर्ण बसत नाही. ‘खट्’ आवाज बसका आला की काडीने खाच कोरून काढा.

ओपिनेल या फ्रेंच चाकूचं लॉक म्हणजे फिरतं कडं. ते 1955 पासून आहे, साधं आणि भरवशाचं. फक्त मूठ लाकडाची आहे, दमट हवेत फुगते आणि पातं आत अडकतं. नखाने ओढत बसू नका. कडं मोकळं करून मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं थोडं बाहेर येतं. मूठ नीट वाळवून सांध्याच्या फटीतल्या लाकडात जवसाचं तेल मुरू दिलं की त्रास कमी होतो.

पोलाद, थोडक्यात

न गंजणारं म्हणायला साधारण 10.5 टक्के क्रोमियम लागतं. डी2 या पोलादात ते 12 टक्क्यांच्या आसपास असूनही डाग पडतात, कारण त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कडक कणांत) अडकलेलं असतं. 1095 या साध्या, गंजणाऱ्या पोलादात कार्बन 0.95 टक्के, धार सुरेख लागते, पण आंबट फळ कापून तसंच मिटलं तर डाग नक्की. करडी-निळी छटा येऊ द्या, ती बिघाड नाही. तांबूस आणि बोटाला खरखरीत लागला तर तो गंज. घामट खिसा असेल तर 12सी27 किंवा 14सी28एन ही न गंजणारी पोलादं घ्या आणि विषय संपवा. पहिलाच चाकू असेल तर फार कडक पोलादाच्या मागे लागू नका. 56 रॉकवेलचं (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) पातं लवकर बोथट होतं खरं, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येतं.

धार

पोलादाबद्दल लिहिताना धार परत यायला सांगितलेली पाच मिनिटं, ती कोन हातात बसल्यावरची.

20 मिमी रुंद आणि पाठीला 2 मिमी जाड असं सपाट उतरतं पातं धरा. दर बाजूला 20 अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण 6 मिमी वर, 15 अंशांसाठी 4 मिमी. रोजच्या खिशातल्या चाकूला 20 बरा. धारेची पट्टी मार्करने काळी करा, दोन-तीन घासे मारा आणि बघा. पट्टीचा वरचा, पाठीकडचा भाग उजळला तर कोन कमी पडतोय, फक्त अगदी कडेची शाई गेली तर जास्त होतोय. पूर्ण पट्टी उजळली की मनगट तिथेच धरा.

400 नंबरचा (जाड कणांचा) दगड खाच किंवा पार बोथट धार असेल तरच. एरवी 1000 पुरतो. एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बारीक ओठ उमटेपर्यंत. हाच बर. तपासताना अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवा, धारेच्या लांबीने कधीच नाही. बर बुडापासून टोकापर्यंत सलग लागला पाहिजे. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: मधल्या भागात बर आला की पातं उलटतात आणि टोक बोथटच राहतं. टोकाच्या वळणावर मूठ किंचित उचलावी लागते.

दुसरी बाजूही तशीच. मग आलटून-पालटून एकेक घासा, दाब कमी करत करत, शेवटी निव्वळ पात्याच्या वजनावर. कापसाची काडी धारेवरून फिरवा. तंतू अडकले तिथे बर शिल्लक आहे. हिरवी क्रोमियम ऑक्साइड पेस्ट लावलेल्या चामड्यावर पाठ पुढे ठेवून दोन्हीकडे दहा-दहा वेळा ओढा. ओढ संपताना पातं वळवून उचललंत तर धार गोल होते, म्हणून आधी थांबा, मग सरळ उचला.

दिव्याखाली धार वर करून धरा. नीट लागलेली धार दिसत नाही, जिथे ठिपका चमकतो तिथे ती बोथट आहे. आणि ती व्ही आकाराची, पातं ओढून काढायची यंत्रं पोलाद खरवडतात. चार दिवस धार वाटते, मग कड करवतीसारखी होते.

खिशात कसा ठेवावा

क्लिपचा चाकू खिशाच्या मागच्या शिवणीला टेकवून, पात्याची पाठ शिवणीकडे. मग पातं सैल असलं तरी शिवण त्याला उघडू देत नाही. टोक वर राहणाऱ्या चाकूत हे फार महत्त्वाचं, कारण अर्धवट उघडलेल्या पात्यावरच हात जातो. घेताना मिटलेला चाकू पात्याचं तोंड खाली करून दोनदा झटका. उघडला तर परत द्या. पात्यावरच्या खाचेत नख घालून उघडायचे चाकू याबाबतीत निर्धास्त. किल्ल्या आणि नाणी त्याच खिशात नकोत.

विमानात हातातल्या बॅगेत नकोच, चेक-इनमध्ये टाका. कायदे देशागणिक बदलतात आणि ते लांबीबरोबर लॉकही बघतात: ब्रिटनमध्ये बिनलॉकचा, 3 इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो, लॉकचा मात्र नाही.

सफाई आणि स्क्रू

फळं कापत असाल तर सांध्यात रस जातो आणि त्यावर लिंट चिकटतं. कोमट साबणपाण्यात बुडवून पातं दहा-बारा वेळा उघडमीट करा, दात कोरायच्या काडीने फट साफ करा, पूर्ण वाळवा आणि सांध्यात खनिज तेलाचा एकच थेंब. लाकडी मुठीचा चाकू बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. चिकट्याला खाद्यतेल सांगितलंय ते पुसून धुण्यापुरतं. सांध्यात घातलं तर काही आठवड्यांत डिंकासारखं होतं.

पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्हॉटचा (पातं ज्यावर फिरतं त्या सांध्याचा) स्क्रू एकदम पिळू नका. बहुतेक ठिकाणी टी8 टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा पेचकस) लागतो, क्लिपला टी6. एका वेळी अष्टमांश फेरा, मग उघडून बघायचं. हलणं थांबलं आणि पातं मोकळं फिरतंय, तिथे थांबा. वारंवार सैल पडत असेल तर तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. लाल लावू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. क्लिपचा स्क्रू निघतच नसेल तर सोल्डरिंगच्या अवजाराचं तापलेलं टोक त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि मग टी6 सरळ उभा दाबून फिरवा; तिरका धरलात तर डोक्याच्या खाचा गोल होतात.