सायकल टू वर्क घ्यावी का? (यूके)

लीड्सकर:
मंडळी, एचआरने सायकल टू वर्कचा, म्हणजे पगारातून हप्ते कापून कंपनीमार्फत सायकल मिळते त्या योजनेचा मेल टाकलाय. घरापासून ऑफिस साडेचार मैल, बसचा पास आणि वर पावसात स्टॉपवर कुडकुडणं, कंटाळा आलाय. १००० पौंडाची सायकल बघून ठेवलीय. टॅक्सच्या आधी पगारातून कापतात म्हणे, मग नक्की वाचतात किती? आणि सायकल शेवटी आपली होते की नाही, कोणी धड सांगत नाही.

पेरोलवाली:
सायकल तुमची नसते हो, कंपनीची असते, तुम्ही ती भाड्याने चालवता आणि सूट त्या भाड्यावर, १९९९ पासून असंच आहे. १००० ची सायकल १२ महिन्यांवर टाकली तर ग्रॉसमधून महिना ८३.३३ जातात, पण तुम्ही २०% टॅक्सच्या टप्प्यातले असाल तर टॅक्स २० नि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापतात ती सरकारी वर्गणी) ८ असे २८% वाचतात, म्हणजे हातातला पगार ६० नेच कमी होतो. ४०% वाल्यांचे टॅक्स ४० नि इन्शुरन्स २ असे ४२% वाचतात, ज्याला गरज कमी त्याला जास्त, असो.
खरी गोम शेवटी आहे. वर्ष संपल्यावर लगेच विकत घेतली तर एचएमआरसीच्या (इथलं टॅक्स खातं) तक्त्याप्रमाणे ५०० च्या वरच्या सायकलची किंमत २५% धरतात, म्हणजे २५० पौंड, बचत जवळजवळ गेलीच! म्हणून बरेच प्रोव्हायडर (कंपनीसाठी योजना चालवणारे) ७% म्हणजे ७० घेऊन पुढची ३ वर्षं तशीच चालवू देतात. फॉर्म भरायच्या आधी हे विचारून घ्या.

पंक्चरवाला:
आणि हेल्मेट, कुलूप, लाइट सायकल घ्यायला योजनेतून मिळतं त्याच व्हाउचरमध्ये बसवा, मी विसरलो, कुलूप खिशातून घ्यावं लागलं. दुसरं म्हणजे ८ हप्ते झाल्यावर मी नोकरी सोडली, उरलेले ३३३ शेवटच्या पगारातून एकदम कापले, तेही टॅक्स भरून उरलेल्या पैशातून, पेस्लिप बघून घाम फुटला.

कोथरूडकर:
नशीबवान आहात. इथे पगारात सायकलची सूट मागितली तर एचआर चहा पाजून परत पाठवेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, तेवढंच काय ते.

लीड्सकर:
धन्यवाद सगळ्यांना. आणि मैलामागे २० पेन्स मिळतात ते?

पेरोलवाली:
ते स्वतःच्या सायकलवरून कामासाठी क्लायंटकडे वगैरे गेलात तर. घर ते ऑफिस त्यात धरत नाहीत.

लीड्सकर:
अरे बापरे. खरं सांगायचं तर माझं नोकरी बदलायचं चाललंय, दोन इंटरव्ह्यू झालेत. मग सध्या बसच बरी, नवीन ठिकाणी जॉइन झालो की पहिल्याच आठवड्यात फॉर्म मागतो.