प्रतिसाद : नवा मॅप टाकल्यावर गेम बंद का पडतो?

वर विचारलंय की काउंटर-स्ट्राइक १.६ या नेमबाजीच्या कॉम्प्युटर गेममध्ये बाहेरून घेतलेला बॉम्ब निकामी करायचा मॅप (म्हणजे खेळायची जागा) मॅप्सच्या फोल्डरमध्ये टाकला, यादीत नाव दिसतं, पण लोड होताना गेम बंद पडतो. माझ्या अंदाजाने तुम्ही फक्त बीएसपी, म्हणजे मॅपची मुख्य फाइल टाकली आहे. झिपमध्ये वॅड फाइलही आहे का ते बघा. भिंती-जमिनीची चित्रं बऱ्याचदा तिच्यात असतात आणि ती मॅप्समध्ये नाही, ज्यात मॅप्सचा फोल्डर असतो त्या सीस्ट्राइक फोल्डरमध्ये थेट जाते. मॉडेल्स, साउंड, स्प्राइट्स (सपाट चित्रं) ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये. मीही सुरुवातीला सगळं एकाच ठिकाणी ओतलं होतं, संध्याकाळ वाया गेली. आणि फाइलचं नाव बदलू नका. सुरुवातीच्या 'डीई'वरून खेळणाऱ्याला कळतं की हा बॉम्बचा मॅप आहे (ओलिस सोडवायच्या मॅपला 'सीएस' असतं).

एकदा चालू झाला की आधी एकटेच फिरा. बॉम्ब साधारण ४५ सेकंदांत फुटतो, निकामी करायला किटशिवाय (बॉम्ब निकामी करायच्या अवजारांशिवाय) १० आणि किट असेल तर ५ सेकंद लागतात. म्हणून मी एका साइटवरून (बॉम्ब लावायच्या जागेवरून) दुसरीकडे पळत जाऊन वेळ मोजतो. पोचायलाच ३५ सेकंदांहून जास्त लागले, तर किट नसलेल्या खेळाडूला काहीच करता येत नाही. हौशी मॅपमध्ये हीच चूक मला सगळ्यात जास्त सापडते. दिसायला देखणे, पण साइट्स फार लांब.

मित्रांसोबत खेळणार असाल तर सगळ्यांकडे मॅपची एकच आवृत्ती हवी, नाहीतर मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे म्हणून आत घेत नाही.