दुधीला नुसतीच फुलं, फळ एकही टिकत नाही

नेरुळ. सोसायटीच्या मागच्या पडीक तुकड्यात आम्ही सहा घरांनी वाफे वाटून घेतलेत; माझा भिंतीलगतचा, दहा बाय चार फूट. मार्चमध्ये दुधी लावला. वेल मांडवभर पसरलाय, पण फळ सुपारीएवढं होतं, पिवळं पडतं, गळतं. मे महिना म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, आठवड्याला शेणखत. शेजारच्या वाफ्यातले काका म्हणतात, दृष्ट लागलीय. खरंच काय चुकतंय?

उत्तर १: ताई, ज्या फुलामागे लव असलेला इवलासा दुधी दिसतो ती मादी; नुसता लांब देठ असेल तर नर. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. सातच्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा.

उत्तर २: शेणखत आवरा आधी! नत्र जास्त झालं की पानंच पानं. आणि गळलेलं फळ चिरून बघा. आत अळ्या असतील तर फळमाशी. मग कोवळ्या फळांना कागदी पिशव्या घाला आणि गळलेली फळं वाफ्यात ठेवू नका.

मूळ प्रश्नकर्ती: दोन फळं चिरली, अळी नाही. तीन फुलांना पराग लावले, डासांनी पाय फोडून काढले तो भाग वेगळा. ओळखायला लाल दोरा बांधलाय. आज पाचवा दिवस. एक पिवळं पडलं, दोन अंगठ्याहून जाड झालेत. काकांनी मांडवाला लिंबू-मिरची बांधली होती, काढू का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, तिचंही काम आहे त्यात."